रुग्णाचे नाव कुणाला लागते?

नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यामुळे बंद पडले आणि देशभरातून रुग्ण जिथे येतात त्या रुग्णालयाला जवळपास दोन आठवडे पुन्हा कागद-पेनावर काम चालवावे लागले. जून 2023 मध्ये टेलिग्रामवर एक बॉट फिरू लागला. त्याला मोबाइल नंबर दिला की लस घेताना दिलेली माहिती तो समोर ठेवत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडची म्हणून 81 कोटींहून अधिक भारतीयांची माहिती विक्रीला निघाल्याच्या बातम्या आल्या. प्रत्येक वेळी चार दिवस गदारोळ झाला आणि प्रत्येक वेळी वाद त्याच दोन वाक्यांवर येऊन थांबला. एक बाजू म्हणते, 'माझ्या शुगर-बीपीत लपवण्यासारखं आहे काय?' दुसरी म्हणते, 'ते आभा कार्ड काढूच नका, सगळं कागदावर होतं तेच बरं होतं.' (आभा म्हणजे रुग्णाच्या नोंदी जोडणारे सरकारी डिजिटल आरोग्य खाते.)

मला दोन्ही वाक्ये चुकीची वाटतात. ती इतकी सोपी आहेत की खरा प्रश्न त्यांच्याखाली दबून जातो. रुग्णाची नोंद कितीतरी हातांतून जाते. केसपेपर काढणारा कर्मचारी, सिस्टर, डॉक्टर, लॅबवाला, मेडिकलवाला, विमा कंपनी, जिल्हा आरोग्य कार्यालय, कधी एखादा संशोधक. यांतल्या प्रत्येकाला त्या नोंदीतला कोणता भाग लागतो? उपचार करणाऱ्याला नाव आणि आजार दोन्ही लागतात. रांगेत पुकारणाऱ्याला आजार लागत नाही. साथीचा आलेख काढणाऱ्याला आजार लागतो, नाव लागत नाही. आणि रुग्णासोबत बाकावर बसलेल्या चाळीस जणांना त्यातले काहीच लागत नाही. नाव आणि आजार एकत्र पाहण्याची मुभा, ज्याचे काम त्यावाचून अडते त्यालाच हवी. आणि ही जोडी बाहेर फुटली तर जबाबदारी नोंद सांभाळणाऱ्याची हवी. रुग्णाने कधीतरी एका छापील फॉर्मवर सही केली होती, हे दाखवून ती झटकता येता कामा नये. माझे म्हणणे एवढेच आहे. ऐकायला ते साधे वाटते, पण आपल्याकडे फार थोड्या व्यवस्था त्यावर उभ्या आहेत.

'लपवण्यासारखं आहे काय' असे म्हणणाऱ्याचा आजार बहुतेकदा असा असतो, ज्याची लाज वाटावी असे समाजाने ठरवलेले नाही. मधुमेहाची गोळी चारचौघांत घेता येते. क्षयाची, कुष्ठरोगाची, एचआयव्हीची, मनोविकाराची गोळी तशी घेता येते का? वंध्यत्वाचे उपचार घेणाऱ्या जोडप्याला, गर्भपात करून घेतलेल्या मुलीला, नवऱ्याच्या मारहाणीनंतर टाके घालायला आलेल्या बाईला हे वाक्य म्हणता येईल का? कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो हे 1980च्या दशकापासून सिद्ध झाले होते, तरी हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून 2019 पर्यंत टिकून होते. दवाखान्यातल्या एका नोंदीवर संसार मोडायला कायद्यानेच मुभा दिली होती. अशा देशात 'लपवायचे कशाला' हा प्रश्न रुग्णाला विचारण्याआधी तो समाजाला आणि कायद्याला विचारायला हवा.

गोव्यातल्या डॉमिनिक डिसूझांचे उदाहरण मी मुद्दाम काढतो, कारण ते आपल्या दाराशी घडले आणि आपण ते विसरलो. डिसूझा नियमित रक्तदाते होते. 1989 मध्ये त्यांच्या रक्तात एचआयव्ही आढळला. हे निदान त्यांच्याशी नीट बोलून, समजावून त्यांच्या हाती द्यायला हवे होते. त्याऐवजी ते सरकारी यंत्रणेतून पोलिसांपर्यंत गेले. गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानुसार त्यांना उचलले गेले आणि क्षयरुग्णांसाठीच्या जुन्या इमारतीत 64 दिवस पहाऱ्यात एकटे ठेवले गेले. एचआयव्ही शेजारी बसल्याने किंवा हात मिळवल्याने पसरत नाही, हे तोवर वैद्यकाला पक्के माहीत होते. घरच्यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. ते सुटले, पण 1990 मध्ये न्यायालयाने कायद्यातली विलगीकरणाची तरतूद उचलूनच धरली. नोकरी गेली. डिसूझा 1992 मध्ये वारले. जाण्याआधी एचआयव्हीबाधितांसाठी त्यांनी गोव्यात संस्था उभी केली. हा माणूस स्वतःहून रक्त द्यायला गेला होता. त्याच्यावर जे गुदरले ते पाहिल्यावर पुढचा माणूस तपासणीला स्वतःच्या पायाने आला असता का?

गोपनीयतेविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप इथेच उभा राहतो. आजार संसर्गजन्य असेल तर शेजाऱ्यालाही जिवाचा हक्क आहे, असे लोक म्हणतात, आणि त्यांचे चूक नाही. साथ आटोक्यात आणायची तर कोण आजारी, कुठे राहतो, कुणाला भेटला हे कुणाला तरी कळलेच पाहिजे. पत्ता नसेल तर आशाताई गोळ्या घेऊन कुठे जाणार? क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणे 2012 पासून डॉक्टरांना बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे. नाव-पत्त्याशिवाय सहा महिने औषध पोहोचवणे आणि घरातल्या लहान मुलांची तपासणी करणे अशक्य आहे. गोपनीयतेचा कैवार घेणाऱ्यांनी हे उघडपणे मान्य केले पाहिजे. 'माझी माहिती माझी' ही घोषणा साथीच्या रोगापुढे टिकत नाही.

पण आरोग्य यंत्रणेला कळणे वेगळे आणि गल्लीला कळणे वेगळे. मराठी माणसाला हा फरक 1897 ने शिकवायला हवा होता. 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याच ऑक्टोबरात, लोकांना धरून दवाखान्यात नेतात या भीतीपोटी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात 1897च्या सुरुवातीला रँडच्या अधिकाराखाली गोरे सैनिक घरांत शिरू लागले, बायाबापड्यांची भर रस्त्यात तपासणी होऊ लागली. काखेत गाठ दिसली की माणूस छावणीत आणि सामान जाळायला, हे सगळ्या आळीसमोर घडत होते. लोकांनी काय केले? रोगी लपवले, मृत्यू लपवले, गाव सोडून पळाले आणि पळताना रोग सोबत नेला. 22 जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली हा इतिहास आपण पाठ केला आहे. पण त्या आधीच्या चार महिन्यांचा आरोग्यविषयक धडा आपण कधी पाठ्यपुस्तकात घातला नाही. रोग्याची बेअब्रू झाली की रोगी यंत्रणेपासून पळतो, आणि पळणारा रोगी साथ वाढवतो. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. तिथे रोगी लपत नव्हता.

मार्च 2020 मध्ये आपण पुन्हा तिथेच आलो. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूवर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारायचे महाराष्ट्र सरकारने ठरवले. हेतू वाईट नव्हता. पण हातावरचा शिक्का पाहून सहप्रवाशांनी आरडाओरडा केला आणि रेल्वेतून माणसे उतरवली गेली. पुढे पॉझिटिव्ह आलेल्यांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या. त्या याद्या आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिल्या आहेत: अनुक्रमांक, पूर्ण नाव, वय, इमारतीचे नाव, मोबाइल नंबर. तालुक्याच्या किंवा वॉर्डाच्या कार्यालयात एक्सेलमध्ये तयार झालेला तक्ता, मोबाइलने काढलेला त्याचा तिरपा फोटो, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. संध्याकाळपर्यंत तो सोसायटीच्या ग्रुपवर, रात्रीपर्यंत दूधवाल्याच्या फोनमध्ये. सर्व रुग्णांची नावे जाहीर करावीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही आली होती. घराबाहेर पोस्टर लावण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर 2020 मध्ये न्यायालयाने सांगितले की सक्षम अधिकाऱ्याचा तसा विशिष्ट आदेश असल्याशिवाय अशी पोस्टरे लावू नयेत. त्या आठ-नऊ महिन्यांत, ताप आला तरी तपासणी नको, घरावर कागद चिकटवतील, असे म्हणणारी माणसे प्रत्येकाच्या ओळखीत होती. नावे उघड केल्याने लोक सावध झाले असतील, हे मी नाकारत नाही. पण जी माणसे तपासणीलाच आली नाहीत त्यांच्यापासून सावध कसे राहायचे?

मग एखाद्या ठरावीक माणसाला ठरावीक धोका असेल तर? डॉक्टरने गप्प बसायचे? हा प्रश्न 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. एका रुग्णालयातून एका माणसाच्या एचआयव्हीची माहिती बाहेर गेली आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. त्याने दाद मागितली, तेव्हा न्यायालय म्हणाले की वधूच्या जिवाचा हक्क त्याच्या गोपनीयतेहून वरचढ आहे. तेवढ्यापुरते ते मला पटते. पण त्याच निकालात अशा रुग्णाच्या लग्नाच्या हक्कावरच गदा येईल असे शेरे होते. 2002 मध्ये मोठ्या पीठाने ते बाजूला सारले. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने तर पुढची वाट फार विचारपूर्वक आखली आहे. डॉक्टरने किंवा समुपदेशकाने आधी रुग्णालाच समजवायचे की जोडीदाराला तू सांग. तो सांगणार नाही अशी खात्री झाली, तर 'आता मी सांगणार आहे' हे त्याला कळवायचे, आणि मगच जोडीदाराला, समोरासमोर बसून, समुपदेशनासह सांगायचे. सांगण्याने एखाद्या स्त्रीला मारहाण होईल, तिला घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर सांगायचे नाही. किती बारकाईने हा रस्ता आखला आहे! कुणाला सांगायचे, किती, कोणत्या क्रमाने, कधी थांबायचे. हे एका आजारासाठी करता येते, तर बाकीच्यांसाठी का नाही?

2022 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या प्रकरणात हीच दिशा धरली. अठरा वर्षांखालील मुलगी गरोदर असेल तर डॉक्टरने पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणे सक्तीचे. त्यामुळे अशा मुली डॉक्टरकडे येईनाशा होतात आणि भोंदूंच्या हाती पडतात. न्यायालयाने म्हटले, घटना कळवा. पण मुलीची आणि तिच्या पालकाची तशी विनंती असेल तर तिची ओळख कळवण्याची सक्ती नाही. नोंद झाली, मुलगीही सुरक्षित उपचारापर्यंत पोहोचली. नाव आणि घटना अलग करता येतात, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो, कारण तो पत्रकार आणि कार्यकर्ते घेतात. गोपनीयतेच्या पडद्याआड बलवान माणसे लपतात. महाराष्ट्राने हे पाहिले आहे. न्यायालयाच्या अवमानाबद्दल 2006 मध्ये महिनाभराची कैद झालेले तेव्हाचे मंत्री सुरूपसिंग नाईक यांचे शिक्षेतले बरेच दिवस जे.जे. रुग्णालयात गेले. माहिती अधिकारात कुणी त्यांचे वैद्यकीय कागद मागितले, तेव्हा गोपनीयता पुढे आली. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितले की जनहिताचे कारण असेल तर संबंधिताचे म्हणणे ऐकून अशी माहिती देता येते. सोनोग्राफीचेही तसेच. कोल्हापुरात जिल्हा प्रशासनाने मशीनवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर', म्हणजे प्रत्येक तपासणी टिपून ठेवणारे यंत्र, बसवायचे ठरवले, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्या रेडिओलॉजिस्टांनी रुग्ण स्त्रीच्या खासगीपणाचा मुद्दा मांडला होता. न्यायालयाने तो मानला नाही, आणि मुलींच्या घसरत्या संख्येपुढे मीही मानत नाही. दोन्ही ठिकाणी गोपनीयता रुग्णाच्या नावाने मागितली गेली. पण कैद्याच्या प्रकरणात शिक्षा खरोखर भोगली का, हा लोकांचा प्रश्न होता. सोनोग्राफीच्या प्रकरणात तपासणी डॉक्टरच्या वागण्याची होती. म्हणून 'कुणाला काय लागते' ही कसोटी इथेही पुरते. कैद्याला कोणता आजार होता यातले सगळे बारकावे लोकांना लागत नाहीत. तितके दिवस दाखल ठेवण्याइतका तो होता का, हे मात्र लागते.

तिसरा आक्षेप संशोधनाचा. नोंदी कुलपात ठेवल्या तर वैद्यक पुढे कसे जाणार? सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत 1987 पासून ग्रामीण भागातली कर्करोगाची नोंदवही चालते. देशातली ती ग्रामीण भागातली पहिली. खेड्यातल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण किती, त्या उपचाराला उशिरा येतात की लवकर, किती जगतात, हे तिथल्यासारख्या नोंदींमुळे कळले. अशा नोंदवहीला नाव लागतेच. तोच रुग्ण बार्शीत एकदा, सोलापुरात एकदा आणि मुंबईत टाटामध्ये एकदा मोजला जाऊ नये, म्हणून नावे जुळवून पाहावी लागतात. पण एकदा जुळवले की पुढच्या कामाला नाव लागत नाही. आकडा लागतो, वय लागते, फार तर तालुका लागतो.

'आम्ही नाव काढून टाकतो, मग काय हरकत?' असे इथे उत्तर येते. नाव काढल्याने ओळख जाते, हा भ्रम अमेरिकेत 1990च्या दशकातच फुटला. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातल्या नोंदी नावे काढून संशोधकांना दिल्या होत्या. लतान्या स्वीनी या तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या संशोधिकेने त्याच राज्यातल्या केम्ब्रिज शहराची मतदार यादी 20 डॉलरला विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड एवढ्यावरून राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. पुढे तिने दाखवले की अमेरिकेतली सुमारे 87 टक्के माणसे या तीन गोष्टींवरूनच एकेकटी वेगळी काढता येतात.

आपल्याकडे हे गणित वेगळे आहे, आणि धोका जास्त आहे. आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांची जन्मतारीख 1 जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली; त्यामुळे जन्मतारखेवरून माणूस तितक्या सहज सापडणार नाही. पण आडनावावरून गाव सापडते, पुष्कळदा जातही. दीड हजार वस्तीच्या गावात 'स्त्री, 34, विधवा, अंगणवाडी मदतनीस' एवढे लिहिले की नाव लिहिण्याची गरज उरते का? बलात्काराच्या बातम्यांत वर्तमानपत्रे हेच करत आली. पीडितेचे नाव द्यायचे नाही म्हणून दिले नाही. पण बापाचा धंदा, शाळा, वस्ती, भावंडे किती हे सगळे छापले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये बजावले की नावच नव्हे, जिच्यावरून ती ओळखू येईल अशी कोणतीही गोष्ट छापायची नाही. हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी स्वीकारलेले आहे. रुग्णाच्या नोंदींना ते लावायला मात्र कुणी तयार नाही. संशोधकाच्या तक्त्यात, डॉक्टरांच्या परिषदेतल्या स्लाइडवर, वर्तमानपत्रातल्या 'दुर्मिळ शस्त्रक्रिया यशस्वी' या बातमीत गाव, वय, धंदा आणि आजार शेजारी शेजारी बसलेले असतात.

रुग्णाची गुप्तता ही पाश्चात्त्य चैन आहे, आपल्याकडे सगळे सगळ्यांना माहीत असते, असेही ऐकू येते. त्यावर फार वेळ घालवायला नको. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दीक्षा देताना गुरू बजावतो की रोग्याच्या घरात जे पाहशील ते बाहेर बोलू नकोस.

आता ज्यांना कागदच बरा वाटतो त्यांच्याकडे वळू. कागद गुप्त होता हे त्यांना कुणी सांगितले? कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या केसपेपर खिडकीसमोर अर्धा तास उभे राहा. काचेला पडलेल्या छोट्या गोल भोकातून आतला माणूस विचारतो, 'काय होतंय?' बाहेरच्या बाईने हळू सांगितले तर ऐकू येत नाही, म्हणून तो म्हणतो, 'मोठ्यानं बोला.' मग ती अंगावरून पांढरे जाते हे मागच्या पंधरा माणसांच्या देखत मोठ्याने सांगते. खिडकीवरच्या माणसाला हे कशाला हवे? कोणत्या ओपीडीत पाठवायचे ते ठरवायला. त्यासाठी 'बाई की पुरुष, स्त्रीरोग की जनरल' एवढे पुरते. वॉर्डात खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला कागद भेटायला आलेला कुणीही वाचतो. एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्राच्या बाहेर पाटी असते, आणि त्या पाटीखाली कुणी पाहील म्हणून माणसे आपला जिल्हा सोडून शेजारच्या जिल्ह्यात गोळ्या घ्यायला जातात. एसटीचे भाडे आणि बुडालेली रोजंदारी ही त्या पाटीची किंमत. कागद कुणी वाचला याचा मागमूसही उरत नाही. संगणकावर निदान तो ठेवता येतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर 2021 पासून देशभर सुरू आहे, आणि नोंद दुसऱ्या रुग्णालयाला देताना दर वेळी रुग्णाची संमती घ्यायची, ही त्याची मूळ रचना कागदापेक्षा चांगली आहे. बिघाड होतो तो काउंटरवर. 'ओटीपी सांगा' एवढेच रुग्णाला सांगितले जाते. तो सांगतो, आणि त्याचे आभा खाते उघडते. कशासाठी, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. ही संमती म्हणायची?

सर्वांत जास्त खटकते ते चांगल्या कामातून फुटणारे नाव. 2022 पासून क्षयरुग्णांना पोषण आहार देण्यासाठी निक्षय मित्र योजना आहे. योजना चांगली आहे. क्षयात औषधासोबत अन्नही महत्त्वाचे आहे हे कुणीही डॉक्टर सांगेल. पण वाटपाचे फोटो पाहा. मागे बॅनर, त्यावर 'क्षयरुग्णांना फूड बास्केट वाटप', पुढे पाहुणे, आणि पाहुण्यांच्या हातातल्या पिशवीचे दुसरे टोक धरून उभी असलेली विशीतली मुलगी. तोंडाला मास्क आहे, पण गावाला डोळे पुरतात. फोटो फेसबुकवर, दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर. सहा महिन्यांनी ती बरी होते. फोटो बरा होत नाही; तिचे लग्न ठरायची वेळ येते तेव्हा तो कुणाच्या तरी फोनमध्ये असतोच. तिला फोटोसाठी विचारले असेल, असे गृहीत धरू. डाळ-तेलाची पिशवी देणाऱ्याला ती नाही म्हणू शकत होती का? देणगीदाराला पावती हवी असेल तर पिशव्यांचा फोटो काढावा. रुग्णाचा चेहरा कुणाच्याही हिशेबाला लागत नाही.

व्हॉट्सॲपबद्दल मी इतका कठोर नाही. तालुक्यातला डॉक्टर रात्री दोन वाजता छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाला पाठवतो आणि जीव वाचतो. हे रोज घडते, आणि ते थांबवा म्हणणारा मी नाही. पण त्या पट्टीच्या माथ्यावर छापलेले पूर्ण नाव तज्ज्ञाला लागत नाही. वय, लिंग, कधीपासून दुखते हे लागते. फोटो कापून पाठवायला पाच सेकंद जातात.

कायद्याची बाजू मात्र मागे सरकली आहे, आणि त्याची पुरेशी चर्चा झालेली नाही. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत गुप्तता आहे, मानसिक आरोग्याच्या 2017 च्या कायद्यात आहे, एचआयव्हीच्या कायद्यात तर भक्कम आहे. 2011 च्या नियमांत वैद्यकीय नोंदी संवेदनशील माहितीत धरल्या होत्या आणि कंपनीच्या हलगर्जीने नुकसान झालेल्याला भरपाई मागण्याची सोय माहिती तंत्रज्ञान कायद्यात केली होती; ती काढून टाकण्याची तरतूद 2023 च्या नव्या कायद्यात आहे. खास आरोग्याच्या माहितीसाठी 2018 मध्ये 'दिशा' नावाचा मसुदा आला. तो कायदा झालाच नाही. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच नाही. एचआयव्हीचा रिपोर्ट आणि पिझ्झाच्या ऑर्डरचा पत्ता त्याच्या दृष्टीने एकाच जातीचे. दंड 250 कोटींपर्यंत होऊ शकतो, हे मोठ्याने सांगितले जाते. तो दंड सरकारच्या तिजोरीत जातो, आणि जिचे नाव फुटले तिला या कायद्याखाली भरपाई नाही, हे सांगितले जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो ज्या माणसासाठी, त्याच्या हातात या कायद्याने भरपाईचा मार्ग ठेवलेला नाही. आरोग्याच्या नोंदींना वेगळा वर्ग आणि रुग्णाला भरपाई, या दोन दुरुस्त्यांसाठी डॉक्टरांच्या संघटनांनीच पुढे यायला हवे. 1997 मध्ये एचआयव्हीमुळे काम नाकारलेल्या एका मजुराला मुंबई उच्च न्यायालयाने टोपणनावाने खटला लढू दिला आणि तो जिंकला. खरे नाव लावावे लागले असते तर तो न्यायालयाची पायरी चढलाच नसता.

आणि या सगळ्यात गोपनीयतेचे दार सर्वांत आधी कुणाच्या तोंडावर बंद होते? रुग्णाच्या. डिस्चार्जनंतर पूर्ण फाइलची प्रत मागा. 'तसं देता येत नाही, साहेबांना विचारा' असे उत्तर हमखास मिळते. 2002 च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यापासून 72 तासांत कागद द्यायचे आहेत. विमा कंपनीचे दावे तपासणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडे (टीपीए) तीच फाइल त्याआधीच गेलेली असते. एस्टोनियासारख्या छोट्या देशात रुग्ण आपल्या खात्यात शिरून पाहू शकतो की त्याची नोंद कोणत्या डॉक्टरने, कोणत्या दिवशी उघडली. ही सोय आभाच्या ॲपमध्ये मराठीत द्यावी आणि जोडलेल्या प्रत्येक रुग्णालयाला सक्तीची करावी. मग रुग्णाला नाव घेऊन विचारता येईल: तुमच्याकडे मी कधी उपचाराला आलो नव्हतो, मग माझी फाइल तुम्ही कशासाठी उघडली?